द्रायूंचे भौतिक गुणधर्म

द्रव आणि वायू या दोहोंचा एकत्रित निर्देश करण्यासाठी ‘द्रायू’ ही संज्ञा वापरतात. घन पदार्थावर कर्तरी प्रेरणा (पृष्ठभागाला समांतर दिशेने लागणारी प्रेरणा) लावली, तर तो थोडा विकृत होतो व नंतर त्या प्रेरणेला तोलून स्थिर राहतो. द्रायूच्या बाबतीत असे होत नाही. प्रेरणा कितीही अल्प असली, तरी ती कार्य करीत असेतोपर्यंत द्रायू विकृत होतच राहतो, म्हणजेच वाहतो. यावरून असे निष्पन्न होते की, स्थिर द्रायूत कर्तरी प्रेरणा असूच शकत नाही. त्यात असतो तो केवळ पृष्ठभागाला लंब दिशेने लागणारा दाब. पोत्यातून ओतलेली ज्वारी वाहते खरी, पण खळ्यात तिची रास होते. राशीचा उतार टिकून राहतो, याचा अर्थ दाण्यांचा समूह स्थिर असतानाही कर्तरी प्रेरणा पेलतो. म्हणून ज्वारीला द्रायू म्हणता येत नाही. पाण्याची रास होत नाही.

ही व्याख्या द्रव आणि वायू यांना सारखीच लागू पडते आणि त्यामुळे द्रायुयामिकीत दोहोंच्या गतीची समीकरणे एकच आहेत. मात्र दोहोंची आंतररचना अगदी भिन्न आहे. द्रवातील रेणू एकमेकांना जवळजवळ खेटून असतात. वायूतील रेणू विरळ असून ते टकरींच्या दरम्यान मुक्तपणे प्रवास करतात. समुद्रसपाटीला हवेच्या रेणूचा दोन टकरींमधील सरासरी मार्ग (माध्य मुक्त मार्ग) सुमारे ०·००००७ मिमी. असतो. समीकरणांत घनता, संपीड्यता, श्यानता इ. गुणांकांच्या रूपाने जे आकडे येतात, त्यांची कारणे या आंतररचनेत असतात. एकाच नावाचा गुणधर्म द्रवात एका कारणाने व वायूत दुसऱ्याच कारणाने उद्‌भवलेला असू शकतो, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास पुष्कळ गैरसमज होतात.

प्रत्यक्षात रेणूंकडे दुर्लक्ष करून द्रायू हे अखंड माध्यम आहे असे मानतात. एक घन मिमी. हवेतही सुमारे अडीच कोटी अब्ज रेणू असल्यामुळे हे गृहीत सामान्यतः निर्धोक ठरते. अतिविरळ वातावरणात फिरणारे कृत्रिम उपग्रह किंवा हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म थेंब यांच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते.

घनता : एकक घनफळातील वस्तुमानास घनता म्हणतात. २०° से. तापमानास व सामान्य वातावरणीय दाबास एक घन मी. पाण्याचे वस्तुमान ९९८ किग्रॅ., तर तेवढ्याच हवेचे १·२ किग्रॅ. भरते. तापमान वाढले म्हणजे बहुतेक द्रायूंची घनता घटते. पाण्याची घनता मात्र सुमारे ४° से. तापमानास सर्वाधिक असते. शीत प्रदेशांतील सरोवरे पृष्ठभागी गोठली, तरी तळाशी पाणी द्रवरूपात राहून जलचर जगू शकतात ते यामुळेच. वायूची घनता दाबाच्या सम प्रमाणात व निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते (फार उच्च दाबास हा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही).

संपीड्यता : दाब वाढविला असता घनफळ किती घटते, हे या गुणधर्मावरून कळते. फ्लॉरेन्स येथील एका विद्वत्सभेने सतराव्या शतकात चांदीचा पोकळ गोळा पाण्याने भरून बंद केला व हातोड्याने ठोकला. पाणी दबले नाही, ते धातूच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरून बाहेर आले. या प्रयोगाचे वर्णन १६६७ साली प्रसिद्ध झाले आणि पाणी मुळीच दबत नाही, असा समज पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकला. जॉन कँटन (१७१८–७२) या इंग्रज शास्त्रज्ञांनी १७६२ साली अधिक नाजूक उपकरणाने तो खोडून काढला. पाणी दबते, पण अत्यल्प. दाबात एक वातावरण एवढी वाढ केल्यास त्याचे घनफळ सुमारे वीस हजारांत एक भाग घटते. पॅसिफिक महासागरातील मेअरिॲना गर्तेच्या तळाशी, जेथे दाब हजार वातावरणांहून अधिक आहे, तेथेही पाण्याची घनता पृष्ठभागावरील पाण्याच्या तुलनेने केवळ पाच टक्क्यांच्या आसपास अधिक असते. उलट हवेवरील दाब दुप्पट केला (व तापमान कायम ठेवले), तर घनफळ निम्मे होते.

या फरकाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. उच्च दाबाचा वायू साठविण्याच्या नळकांड्याची मजबुती तपासताना ते हवेने न भरता पाण्याने भरतात व मग दाब देतात. समजा, ५० लिटर धारणशक्तीचे नळकांडे २०० वातावरण दाबाखाली फुटले. त्यात पाणी असेल, तर दबलेल्या पाण्यात साठलेली ऊर्जा सुमारे साडेचार हजार जूल असते. भेग पडताच दाब नाहीसा होतो व पाणी सांडते. हवा असेल, तर प्रसरण पावताना ती सुमारे वीस लाख जूल, म्हणजे चारशे पटींहून अधिक ऊर्जा मोकळी करते आणि धातूचे तुकडे प्राणघातक वेगाने उडतात. पाण्याची ही पद्धत कारखान्यातील केवळ एक जुनी रूढी आहे असे समजून वेळ वाचविण्यासाठी हवेने चाचणी घेणे, म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे होय.

पाणी कमी दबते म्हणून ते सर्वच बाबतींत निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. द्रायूतील ध्वनीचा वेग त्याच्या संपीड्यतेवर व घनतेवर अवलंबून असतो. २०° से. तापमानास तो हवेत सेकंदाला ३४३ मी., तर पाण्यात सुमारे १,४८० मी. असतो (पाण्यातील हा वेग १८२६ साली जिनीव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून प्रथम बिनचूकपणे मोजण्यात आला). लांब नळातून वाहणारे पाणी झडप एकाएकी मिटून अडविले, तर झडपेशी दाब वाढतो व ही दाबवाढ लाटेच्या रूपाने जवळपास याच वेगाने नळात उलट दिशेने धावते. या आविष्कारास जलाघात म्हणतात. त्याचा सिद्धांत रशियन शास्त्रज्ञ न्यिकलाय झुकॉव्हस्की (१८४७–१९२१) यांनी १८९० नंतरच्या दशकात मॉस्को येथील पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून मांडला. पोलादी नळात लाटेचा वेग सेकंदाला १,२०० मी. धरल्यास सेकंदाला अवघ्या २ मी. वेगाने वाहणारे पाणी अडविताना दाब सुमारे २४ वातावरणांनी वाढतो. घरातील तोटी झटकन बंद केली असता भिंतीत जो ‘धप्’ असा आवाज येतो, तो याचाच अल्पसा प्रकार होय. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी कित्येकशे मीटर खाली आणणाऱ्या कोयनेसारख्या जलविद्युत् प्रकल्पांत या धक्क्याचा विचार अपरिहार्य असतो व तो सामावून घेण्यासाठी बोगद्याच्या शेवटी उभी विहीर बांधतात.

श्यानता : द्रायूच्या एका थराच्या दुसऱ्या थरावरून होणाऱ्या सरकण्याला होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता. आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी १६८७ मध्ये असे गृहीत मांडले की, हा विरोध लगतच्या थरांच्या वेगांत दर एकक अंतरास पडणाऱ्या फरकाच्या सम प्रमाणात असतो. या प्रमाणाचा स्थिरांक म्हणजे श्यानता गुणांक. २०° से. तापमानास त्याचे मूल्य मिलिपास्काल-सेकंद या एककात हवेसाठी ०·०१८, पाण्यासाठी १·०, पाऱ्यासाठी सुमारे १·५५ व ग्लिसरिनासाठी सुमारे १,४०० आहे. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असूनही त्याची श्यानता पाण्याच्या दुपटीहून कमी आहे, हे लक्षणीय आहे. दाट म्हणजे जड नव्हे. बोलीभाषेत ‘घट्ट’, ‘दाट’ व ‘जड’ या शब्दांची होणारी सरमिसळ येथे चालत नाही.

डांबरासारखा राळयुक्त काळा पदार्थ (पिच) हातोड्याने ठोकला तर काचेसारखा फुटतो, तरीही तो द्रवच आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिझ्बेन येथील क्वीन्सलँड विद्यापीठात टॉमस पार्नेल यांनी १९२७ साली हा पदार्थ नरसाळ्यात भरून ठेवला व १९३० साली नरसाळ्याची नळी खालून मोकळी केली. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. या निरीक्षणांवरून त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट ठरते.

तापमानाचा श्यानतेवर होणारा परिणाम द्रवांत आणि वायूंत परस्परविरुद्ध असतो. पाण्याची श्यानता ०° से.ला १·७९ असून १००° से.ला ०·२८ पर्यंत उतरते. हवेची मात्र याच मर्यादेत ०·०१७२ वरून ०·०२१८ पर्यंत वाढते. याचे कारण दोहोंच्या आंतररचनेत आहे. द्रवातील रेणू शेजाऱ्यांच्या आकर्षणात अडकलेला असतो आणि थर सरकण्यासाठी त्याला या बंधनातून निसटावे लागते. तापविल्याने रेणूंची चलबिचल वाढून निसटणे सुलभ होते. वायूत असे बंधन नाही. तेथील विरोध समजण्यासाठी शेजारच्या रुळांवरून एकाच दिशेने, पण भिन्न वेगांनी जाणाऱ्या दोन मालगाड्यांची कल्पना करावी. दोन्ही गाड्यांतील हमाल एकमेकांच्या डब्यांत सतत गोण्या फेकीत आहेत. वेगवान गाडीतून आलेली गोणी मंद गाडीला पुढे रेटते व मंद गाडीतून आलेली गोणी वेगवान गाडीला मागे ओढते. गाड्या एकमेकींना कोठेही घासत नाहीत, तरी त्यांचे वेग समान होऊ लागतात. वायूच्या थरांमधून ये-जा करणारे रेणू या गोण्यांसारखे संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) वाहून नेतात. तापमान वाढले की त्यांची ये-जा जलद होते व श्यानता वाढते.

याच विचारसरणीतून जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी १८६० साली एक अनपेक्षित निष्कर्ष काढला : वायूची श्यानता त्याच्या दाबावर अवलंबून नसते. वायू निम्मा विरळ केला, तर संवेग वाहणारे रेणू निम्मे होतात. पण टकरी कमी झाल्याने प्रत्येक रेणू दुप्पट अंतरावरून, म्हणजे वेगात दुप्पट फरक असलेल्या थरातून येतो. दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात. विरळ हवेचा अडथळा कमी असणार, या सर्वसाधारण समजुतीला हे इतके सोडून होते की, खुद्द मॅक्सवेल यांनाही ते विलक्षण वाटले. त्यांनी लंडनमधील आपल्या घरी पत्नी कॅथरिन यांच्या मदतीने हवेत पीळ घेणाऱ्या चकत्यांवर प्रयोग केले आणि पाऱ्याच्या सुमारे अर्ध्या इंचापासून तीस इंचांपर्यंतच्या दाबांना श्यानता तीच राहते, असे १८६६ मध्ये दाखवून दिले. वायू रेणूंचा बनलेला आहे हीच गोष्ट त्या काळी सर्वमान्य झालेली नव्हती. प्रत्यक्ष प्रयोगाने खरे ठरलेले हे भाकीत वायूंच्या गतिज सिद्धांताला मिळालेल्या भक्कम आधारांपैकी एक होय.

हवेची श्यानता अचूक माहीत असणे किती महत्त्वाचे आहे, याचे उदाहरण इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराच्या मापनात सापडते. रॉबर्ट अँड्र्यूझ मिलिकन (१८६८–१९५३) यांनी तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरील प्रयोगांतून हा भार काढला व १९१३ साली प्रसिद्ध केला. थेंबाची त्रिज्या थेट मोजणे शक्य नसल्याने ती त्याच्या हवेतील पडण्याच्या वेगावरून काढावी लागे व त्यासाठी हवेची श्यानता वापरावी लागे. थेंब इतके लहान होते की, त्यांना हवा अखंड माध्यम न वाटता रेणूंचा समूह वाटावी. मिलिकन यांनी त्यासाठीही दुरुस्ती केली होती. परंतु श्यानतेचा त्यांनी घेतलेला आकडाच सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी होता. परिणामी भाराचे मूल्य सुमारे ०·६ टक्के कमी आले. १९३० च्या सुमारास क्ष-किरणांच्या मापनांतून आलेली मूल्ये याच्याशी जुळेनात, तेव्हा शोध घेता घेता दोष हवेच्या श्यानतेत असल्याचे आढळले. अणुविज्ञानातील एका मूलभूत स्थिरांकातील त्रुटी अशा प्रकारे द्रायूच्या साध्या गुणधर्मापाशी येऊन थांबली.

अरुंद नळीतील प्रवाहावर श्यानतेचे नियंत्रण असते. फ्रेंच वैद्य झां लेओनार मारी प्वाझय (१७९७–१८६९) यांनी रक्ताभिसरणाच्या कुतूहलातून काचेच्या केशनलिकांवर प्रयोग केले व जर्मन अभियंते गोटहिल्फ हागेन (१७९७–१८८४) यांनी स्वतंत्रपणे तोच नियम शोधून काढला. या नियमानुसार दर सेकंदास वाहणारा द्रव नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाल्यास त्याच दाबाखाली प्रवाह एक सोळांश होतो. ती केवळ एक पंचमांशाने घटली, तरी प्रवाह निम्म्याहून कमी होतो. रक्तवाहिन्या लवचिक असतात व रक्ताची श्यानता प्रवाहाच्या वेगाप्रमाणे बदलते, त्यामुळे शरीरात हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि वाहिनीच्या आतील भिंतीवर जमलेला पातळसा थरही इतका घातक का ठरतो, हे त्यावरून समजते. रक्ताप्रमाणेच रंगलेप, मातीचा राडा, पिष्ठाची खळ इ. पदार्थही न्यूटन यांचा नियम पाळत नाहीत.

श्यानतेचे महत्त्व घनतेच्या तुलनेत किती, हे ऑस्बर्न रेनल्ड्झ (१८४२–१९१२) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकावरून ठरते. वेग, नळीचा व्यास व घनता यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले म्हणजे हा अंक मिळतो. गोल नळीत तो सुमारे २,००० हून कमी असताना प्रवाह शांत, थराथरांचा असतो. बराच अधिक असल्यास त्यात भोवरे उठून तो संक्षोभी बनतो. श्यानतेला घनतेने भागून येणारी राशी हवेसाठी पाण्याच्या सुमारे १५ पट आहे. म्हणजे या अर्थाने हवा पाण्याहून ‘चिकट’ ठरते, हे प्रथम ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही.

श्यानता व घनता यांच्या कार्यांतील हा भेद १५ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात भीषण रीतीने प्रत्ययास आला. सुमारे ८७ लक्ष लिटर मळी (साखर तयार करताना उरणारा दाट द्रव) साठविलेली पोलादी टाकी फुटून २१ माणसे मृत्युमुखी पडली. मळीसारखा दाट द्रव माणसाला गाठील इतक्या वेगाने धावेल, ही कल्पनाच कोणाला नव्हती. पण एवढ्या प्रचंड राशीच्या पहिल्या लोंढ्यात श्यानतेचा प्रभाव नगण्य होता. पाण्याच्या सुमारे दीडपट घनतेचा तो भार पाण्यासारखाच धावला व त्याने इमारती पाडल्या. लोंढा ओसरून थर पातळ झाला तेव्हा श्यानतेने आपला अंमल बसविला. हिवाळ्याच्या थंडीत मळी उत्तरोत्तर घट्ट होत गेली आणि तीत रुतलेल्यांना बाहेर काढणे कठीण झाले.

पृष्ठताण : हा गुणधर्म केवळ द्रवांचा आहे, वायूला स्वतःचा मोकळा पृष्ठभाग नसतो. द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणूंना आतील बाजूसच शेजारी असल्याने ते आत ओढले जातात आणि पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा कमीत कमी क्षेत्रफळ व्यापू पाहतो. काचेची १ मिमी. व्यासाची स्वच्छ नळी पाण्यात उभी धरल्यास पाणी तीत सुमारे ३ सेंमी. चढते. पणतीच्या वातीत तेल चढते ते याच केशाकर्षणामुळे. मातीचे कण जितके बारीक, तितकी त्यांमधील पोकळी अरुंद व ओल तितकी अधिक उंच चढते. दख्खनच्या काळ्या जमिनीतील ओल अशा मार्गांनी वर येऊन उडून जाते. कोळपणीने वरचा थर भुसभुशीत केला की हे मार्ग तुटतात, जमिनीच्या भेगाही बुजतात आणि ओल टिकते.

बाष्पदाब : बंद भांड्यातील द्रवाशी समतोल असलेल्या त्याच्या बाष्पाचा दाब तापमानानुसार ठरतो. पाण्याचा बाष्पदाब २०° से.ला २·३ किलोपास्काल, तर १००° से.ला वातावरणीय दाबाइतका म्हणजे १०१ किलोपास्काल असतो. पाणी तापविण्याऐवजी त्यावरील दाब कमी करीत बाष्पदाबापर्यंत आणला, तरी ते उकळते. पंप पाणी ‘ओढतो’ असे म्हणतात, परंतु ते वर ढकलण्याचे काम विहिरीच्या पृष्ठभागावरील हवेचा दाब करतो. हा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा १०·३ मी. उंचीचा स्तंभ तोलतो. पुण्याच्या उंचीवर तो ९·७ मीटरांच्या आसपास येतो. त्यातून बाष्पदाब व नळातील घर्षण वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती लागतात. विहीर खोल असल्यास तिच्या आत कट्टा बांधून पंप खाली बसविण्याचे कारण हेच होय. अश्वशक्ती वाढवून ही मर्यादा ओलांडता येत नाही.

वेगाने फिरणाऱ्या पात्यांजवळ दाब बाष्पदाबाखाली गेला, तर पाण्यात बाष्पाच्या पोकळ्या तयार होतात व पुढे अधिक दाबाच्या जागी पोचताच त्या कोसळतात. चार्ल्स पार्सन्स (१८५४–१९३१) यांच्या ‘टर्बिनिया’ या वाफ-टरबाइनावर चालणाऱ्या पहिल्या नौकेला आरंभी अपेक्षित वेग मिळेना, तो या पोकळ्यांमुळे. कोसळणाऱ्या पोकळीच्या ठिकाणी क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो, असे रॅली (१८४२–१९१९) यांनी १९१७ मध्ये गणिताने दाखविले. पंपाची पाती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खड्डेदार होतात ती या आघातांमुळे. गंज हे त्याचे कारण नव्हे. पंपातून खडे खडखडल्यासारखा आवाज येणे हे त्याचे पूर्वचिन्ह समजावे.

क्रांतिक अवस्था : द्रव व वायू यांमध्ये सर्वत्र स्पष्ट सीमारेषा आढळत नाही. टॉमस अँड्र्यूझ (१८१३–८५) यांनी १८६९ साली कार्बन डाय-ऑक्साइडावरील प्रयोगांतून असे दाखविले की, ३१° से. तापमानाच्या वर कितीही दाब दिला, तरी त्याचा द्रव व बाष्प असे दोन भाग दिसत नाहीत. पाण्याच्या बाबतीत हे क्रांतिक तापमान ३७४° से. असून तेथे दाब सुमारे २१८ वातावरणे असतो. या बिंदूकडे जाताना द्रवाची घनता घटत व बाष्पाची वाढत जाऊन दोन्ही समान होतात, पृष्ठताण शून्य होतो आणि नळीतील दोहोंमधील पातळ रेषा पाहता पाहता विरून जाते. क्रांतिक बिंदूपलीकडील कार्बन डाय-ऑक्साइडाची घनता द्रवाच्या जवळपास, तर श्यानता वायूच्या जवळपास असते. त्यामुळे तो द्रवाप्रमाणे पदार्थ विरघळवितो व वायूप्रमाणे बारीक छिद्रांत शिरतो. कॉफीच्या बियांतील कॅफीन काढून टाकण्यासाठी त्याचा उपयोग करतात व दाब उतरविताच तो वायुरूपाने निघून जाऊन बियांत त्याचा अंशही उरत नाही.